बुखारीपासून हातभर दूर

बसा. गुलमर्गमधली संध्याकाळ आहे. दिवसभर पायांत होते ते स्कीचे बूट समोर ठेवा.

बुखारीत, म्हणजे खोली उबवणाऱ्या शेगडीत, लाकूड जळतंय. खोलीभर ओल्या लोकरीचा वास आहे.

घाई कसलीच नाही. एक श्वास घ्या. सोडा.

आता एकच बूट बघा. डावा घ्या.

बाहेर जाड प्लास्टिकचं कवच. त्यावर चार बकलं. पुढच्या टोकाला ओरखडे. बकलाच्या दातांत अडकलेला बर्फ अजून वितळतोय. थेंब जमतो. लोंबतो. पडतो.

पुढचा थेंब जमेपर्यंत बघत राहा.

तुम्ही सुमारे २६५० मीटर उंचीवर आहात. इथे हवा विरळ, म्हणून श्वास जरा जलद होतो. होऊ द्या. मग एक खोल श्वास, सावकाश.

हात पुढे करा. चारही बकलं उघडा. बूट गुडघ्यांत धरा, आणि आतला मऊ लायनर वर ओढा. निघत नसेल तर थांबा. टाचेकडून थोडा सैल करा. ओढाताण नको.

निघाला.

आता त्याच्या आत हात घाला. अगदी पुढपर्यंत, दिवसभर तुमच्या पायाची बोटं होती तिथपर्यंत.

ओल लागते?

ती बहुतेक बर्फाची नसते. तुमच्या घामाची असते. पाय दिवसभर राबले, त्याचं हे पाणी.

हात थोडा वेळ तिथेच असू द्या.

उद्या सकाळी दहा वाजता बोटं बधिर झाली, तर दोष सकाळच्या थंडीला दिला जाईल. पण ती थंडी पुष्कळदा आज रात्रीच बुटात मुक्कामाला येते. लायनर वाळला, की उद्याचं निम्मं काम झालं.

तो बुखारीजवळ ठेवा. जवळ म्हणजे किती?

तळहात पुढे करा. हळूहळू आणखी पुढे न्या. हात मागे घ्यावासा वाटला, तर ती जागा लायनरची नाही. त्याचा फोम तुमच्या पायावर बसत बसत तुमचा झालेला असतो. जास्त ताप लागला तर तो बिघडतो, आणि प्लास्टिकचं कवचही वाकतं. हात मागे आणा. ऊब सुखाची वाटते, हात तिथे कितीही वेळ राहील, ती जागा.

तिथे ठेवा. आतला सुटा तळही काढून शेजारी ठेवा. रिकामं कवच खोलीतच राहू द्या. रात्रभर बाहेर राहिलेलं कवच सकाळी इतकं ताठ होतं की पाय आत जाता जात नाही.

आता मोजा काढा. स्वतःचा पाय मांडीवर घ्या.

बघा त्याच्याकडे. क्वचितच बघतो आपण.

नडगीवर लाल पट्टा आहे? घोट्यापाशी वळ? अंगठ्याच्या नखावर दाब आलाय? जिथे लाल आहे तिथे बोट टेकवा. दाबू नका. नुसतं टेकवा, आणि काय जाणवतं ते ऐका.

तो वळ बहुधा मोज्याच्या सुरकुतीचा आहे. मुंबई-पुण्याहून पहिल्यांदा येणारा माणूस थंडीच्या धाकाने मोज्यांचे दोन जोड चढवतो. ते सुरकुततात, दाबतात, रक्त अडवतात. पायाला ऊब मिळते ती रक्तातून. मोजा ती फक्त राखतो.

म्हणून एकच जोड. पातळ, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा, लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती नको, सुती कापड ओल धरून ठेवतं. आणि बुटाच्या आत मोज्याखेरीज काहीच नको. थर्मलची कड नको, पँटचं आतलं अस्तर नको.

बोटं पसरा. आवळा. पुन्हा पसरा. ऊब परत येताना जाणवते, त्या मुंग्यांबरोबर थोडा वेळ राहा.

कोरडं फडकं घ्या. भिंतीला टेकलेली स्की आडवी घ्या. तळाच्या दोन्ही बाजूंनी पोलादाची अरुंद कड आहे. तिच्यावरून फडकं फिरवा, टोकापासून शेपटीपर्यंत. दोन स्की ओल्याच एकत्र बांधून ठेवल्या तर सकाळी या कडेवर गंजाची नारिंगी रेघ दिसते.

फडक्याचा आवाज ऐका. पुन्हा एकदा. टोकापासून शेपटीपर्यंत.

अंगठ्याचं नख कडेवर आडवं टेकवून अलगद ओढा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे. नुसतंच घसरलं तर धार लावायला हवी. काळा तळ कडेलगत पांढुरका पडला असेल तर तो मेण मागतोय. हे दुकानात सांगा.

बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगला मात्र स्क्रूड्रायव्हर लावू नका. बूट कधी सुटावा, हे त्यावरचा आकडा ठरवतो. तो आकडा तुमच्या वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्यावरून बसवलेला असतो. पडताना बूट सुटला नाही तर गुडघा पिरगळतो. नको तेव्हा सुटला तर उतारावरच तोल जातो. स्की भाड्याने घेताना खरं वजन सांगा. खरा अनुभव सांगा. बूट बदलले, तर आकडा पुन्हा तपासून घ्या.

एक श्वास. खरं किती येतं मला? कुणाला ऐकवायचं नाही. स्वतःशीच म्हणा.

दिवा मंद करा. आता बाहेरचं ऐका.

चिल्लई कलान चालू आहे. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरच्या हिवाळ्यातले सर्वांत कडक. बर्फ पडत असेल तर बाहेर आवाजच नसतो. ताजा बर्फ आवाज पिऊन टाकतो.

त्या शांततेत थांबा.

वारा आहे का?

नीट ऐका. पत्र्याच्या कडेशी शीळ वाजते? देवदार हलतात? वारा बर्फ उचलतो आणि डोंगराच्या आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. तिथे थर जाड होतो. तो खालच्या थराला धरून राहीलच असं नाही. उद्या ऊन पडेल, आणि तोच उतार सर्वांत गुळगुळीत, सर्वांत मोहक दिसेल.

आज रात्री कानांवर पडलं ते लक्षात ठेवा. उद्या डोळे काही वेगळंच सांगतील.

झोपा.

सकाळ. लायनरमध्ये हात घाला. कोरडा आहे. कवचात बसवा, पाय आत सरकवा, टाच जमिनीवर मागे आपटा. बकलं हलकी लावा. उभे राहा. बोटं पुढे जेमतेम टेकतात. आता गुडघे वाकवा. बोटं मागे सरकून मोकळी होतात. बूट मापाचा आहे तो असा कळतो. पहिल्या फेरीनंतर बकलं आणखी एक दात आवळा. एकच.

नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या खालीही सनस्क्रीन लावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, ऊन खालूनही येतं. गॉगल कपाळावर चढवू नका, डोक्याची वाफ त्यात शिरते. आतली काच पुसू नका, नुसती टिपा.

गोंडोला, म्हणजे केबल कार, पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला पोचतो. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगाने जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत नेतो. मळलेली वाट सोडून तिथे उतरायचं असेल तर वाटाड्या हवा, आणि दुसऱ्या टप्प्याच्या पाळण्यात बसण्याआधी इथे, खालीच, थांबा.

छातीवर हात ठेवा. जॅकेटच्या आत ट्रान्सीव्हर, बर्फाखालच्या माणसाचा ठाव देणारं यंत्र, आहे? चालू आहे, संकेत पाठवतंय? फोन त्याच्यापासून दूर आहे? पाठीवर प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची काठी, आणि फावडं आहे?

आता सोबत्याकडे बघा. त्याच्याकडेही आहे?

हे पुन्हा विचारा. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस वाचतो तो बहुधा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि एवढ्या वेळात त्याच्यापाशी फक्त सोबती असतो. तुमचं फावडं त्याच्यासाठी आहे. त्याचं तुमच्यासाठी.

वर पोचलात. समोरचा उतार बघा. ३० ते ४५ अंशांचे उतारच बहुतेक वेळा सुटतात, आणि स्की करायला मजा येते तीही तिथेच. रात्रीचा वारा आठवा. स्कीच्या गस्ती पथकाने दोर लावून वाट बंद केली असेल, तर दोराच्या अलीकडे राहा. पलीकडे कुणाच्या खुणा दिसल्या तरी.

मांड्या तपासा. थरथरतात? गुडघे जड आहेत? घसा कोरडा पडलाय? पाणी प्या. गालावर पांढरा बधिर डाग आला असेल तर उबदार तळहात त्यावर धरा. चोळू नका.

एक श्वास घ्या, आणि पायांना विचारा, अजून एक फेरी?

पाय नाही म्हणाले, तर गोंडोलाने खाली या. तो माणसं खालीही नेतो.