भाकरी आणि श्रद्धा

दुष्काळांत ज्याच्या हातची भाकरी खाऊन प्राण वांचले, त्याच्याच देवाला आपला देव म्हणणाऱ्या माणसाची श्रद्धा खरी मानावी कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे ख्रिस्ती मंडळीविषयीं बोलतांना हटकून निघतो. ‘पोटासाठीं बाटले’ एवढें म्हटलें कीं विचार करण्याचे श्रम वांचतात. पुणें जिल्ह्यांतील केडगांवच्या मंडळीचा इतिहास पाहिला म्हणजे हा निकाल किती घाईचा आहे तें कळतें. त्याच्या अगदीं उलट निकालही तितकाच घाईचा आहे, हेंही कळतें.

पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें व पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें धर्माचें शिक्षण दिलें जाणार नाहीं असें वचन होतें. बाईंच्या खोलीचें दार प्रार्थनेच्या वेळीं उघडें असे व मुली आपण होऊन आंत जात. त्यावरून १८९३ सालीं वादळ उठलें, रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

१८९६-९७ च्या दुष्काळांत बाई मध्यप्रांतांत गेल्या आणि उपासमारीनें खंगलेल्या मुली व विधवा केडगांवास घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजराथेंतूनही आणल्या. मुक्तिसदनांतील संख्या पुढें दोन हजारांच्या घरांत गेली. १८९९ सालीं मंदिराचा पाया घातला गेला. १९०५ सालीं तेथें शेंकडों मुली एकाच वेळीं मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या, रडूं लागल्या, आपलीं पापें बोलून दाखवूं लागल्या. त्यांतल्या कित्येकजणी टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत उपदेशास गेल्या. येथें वचनभंगाचा आरोप कोणास करतां येत नाहीं, कारण असें वचन येथें दिलेंच नव्हतें. पण द्यावयाचें तरी कोणाला? ह्या मुलींपैकीं बहुतेकींना काढून नेणारा पालकच उरला नव्हता.

माझ्या मतें सारा नैतिक पेंच येथें आहे. श्रद्धा स्वीकारणारीचें अंतःकरण तपासण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आईच्या दुधाबरोबर मिळालेल्या धर्माची असली परीक्षा आपण कधीं घेत नाहीं, मग हिचीच कां घ्यावी? देणाऱ्यास मात्र विचारतां येतें: ‘नाहीं’ म्हणणाऱ्या मुलीस तुमच्या अंगणांत जागा होती काय? आणि अंगणाबाहेर पडून तिला जगतां आलें असतें काय?

हा प्रश्न रमाबाईंनाच विचारण्यांत विशेष औचित्य आहे. १८७४ सालीं त्यांचे आईबाप दुष्काळांत गेले. उपास म्हणजे काय हें त्यांना सांगावें लागत नव्हतें. पुढें १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या मठांतील भगिनींच्या आश्रयास त्या होत्या, त्यांच्याशींच त्यांनीं धर्ममतांबद्दल पत्रांतून हिरीरीनें वाद घातला. आपली सदसद्विवेकबुद्धि कोणा धर्माधिकाऱ्याच्या हवालीं करण्यास त्या तयार नव्हत्या. आश्रयदात्यास ‘नाहीं’ म्हणणारी आश्रित स्त्री कशी असते हें त्यांना आरशांत पाहूनच ठाऊक होतें! केडगांवीं अशी एखादी दुसरी रमाबाई निपजली असती, तर तिला त्यांनीं कसें वागविलें असतें, हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं.

केडगांवच्या बाजूची मला पटणारी साक्ष १९०५ च्या अश्रूंपेक्षां तेथील कामांत आहे. ह्या स्त्रिया लिहावाचावयास, शेती करावयास, विणावयास, खिळे जुळवावयास शिकल्या. बाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर छापण्याचें काम त्यांच्याच छापखान्यांत, ह्याच हातांनीं झालें. जिच्या हातांत कसब आहे तिला केवळ भाकरीसाठीं कोणाच्या देवापाशीं राहावें लागत नाहीं. निदान दाराची आंतली कडी तरी निघते.

पण त्या दाराला बाहेरूनही कडी होती. मिशनच्या घरीं जेवलेली, जातीचा पत्ता नसलेली मुलगी ‘मी हिंदूच आहे’ असें म्हणत पुण्यास आली असती, तर तिला कोणत्या वाड्यांत जागा मिळाली असती? अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चाच. पण तो आरंभीं मूठभर विधवांपुरता होता.