ओळख पटणें

पडद्यावर क्षणभर दिसून जाणाऱ्या जुन्या इंग्रजी मोटारींचीं नांवें सांगणें हा एक निरुपद्रवी छंद आहे, असें मला गेल्या वर्षापर्यंत वाटत होतें. माझा भाचा त्यांत तरबेज आहे. पन्नास-साठ सालांतील एखादा कृष्णधवल बोलपट लागला कीं नायक-नायिकांकडे त्याचें लक्षच नसतें; ‘ही हिलमन’, ‘ती मॉरिस मायनर’ असा त्याचा घोष चाललेला असतो. आमचें घर वर्सोव्याला, समुद्रालगत. येथील खारा वारा नव्या गाडीलाहि सोडीत नाहीं. त्या जुन्या गाड्या धडधाकट उरल्या त्या पडद्यावरच.

आमच्याकडे माझी थोरली मावशी राहते. वय नव्वदीच्या पुढें. तिचे यजमान मुंबईंत एका व्यापाऱ्याची ऑस्टिन मोटार हांकीत. १९५३ च्या दिवाळींत ते विषमज्वरानें वारले. लग्नाला तेव्हां दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. त्यांचें एकहि छायाचित्र घरांत नाहीं. ‘शेटजींची गाडी सिनेमाच्या कामाला नेली होती, तींत कदाचित् मी दिसेन,’ एवढें त्यांनीं तिला सांगितलेलें. गेल्या श्रावणांत एका चित्रपटांत पांढरी टोपी घातलेला, चाकावर हात ठेवलेला एक ड्रायव्हर चार-पांच सेकंद दिसला, आणि मावशी एकदम म्हणाली, “हे हेच.” मग भाच्याला म्हणाली, “तेवढें चित्र थांबवून मोठें करून दे. भिंतीवर लावीन.”

भाच्यानें मला बाहेर बोलावून सांगितलें, “मामा, ती ऑस्टिन नाहीं. ती हिंदुस्थान लँडमास्टर आहे, १९५४ सालची.”

मी तर्कशास्त्र शिकवितों. ‘तोच हा देवदत्त’ हें प्रत्यभिज्ञेचें उदाहरण मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलें. हा देवदत्त तो नव्हे, असें कोणाला सांगण्याचा प्रसंग मात्र कधीं आला नव्हता. प्रथम मीं पळवाट शोधली. ऑस्टिन आणि मॉरिस या दोन कंपन्या १९५२ सालीं एक झाल्या. मग मॉरिसला कोणी ऑस्टिन म्हटलें तर काय बिघडलें? पण नांवाची चूक पोटांत घालतां येते, सनाची येत नाहीं. लँडमास्टर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेची भारतीय आवृत्ति, आणि ती मालिका इंग्लंडांतच १९५४ सालीं बाहेर पडली. काका त्यापूर्वीं गेलेले.

तथापि भाचा चुकला असेल तर? अशा ठिकाणीं पुराव्याची अपेक्षा दुखावण्याच्या प्रमाणांत वाढली पाहिजे, असें माझें मत आहे. बाजारांत मित्राशीं पैज मारण्याला जेवढी खात्री पुरते, तेवढी येथें पुरत नाहीं. म्हणून तो तुकडा आम्ही वीस वेळां पाहिला. ॲम्बॅसडर सर्वांच्याच परिचयाची आहे. २०१४ च्या मे महिन्यांत तिचा कारखाना थांबला आणि जूनमध्यें आमची वर्सोव्याची मेट्रो सुरू झाली, म्हणून मला तें सालहि आठवतें. पडद्यावरील गाडीचीं दारें नि खिडक्या थेट ॲम्बॅसडरच्या. फक्त बॉनेटवर पन्हळ नाहीं, आणि मागील बाजूस जो किंचित् पंखासारखा उठाव असतो तोहि नाहीं. ऑस्टिन ए-४० हिच्याहून अगदीं निराळी, फुगीर पाठीची. शंकेला जागा उरली नाहीं.

मग बोलावें कीं नाहीं? कांटनें १७९७ सालीं, मारेकऱ्यालाहि खोटें सांगूं नये, असें लिहून ठेवलें. तें मला कधींच पटलें नाहीं. परंतु धर्मराजाचें अर्धें सत्यहि मला तितकेंच गैर वाटतें. तिनें मला विचारलें नव्हतें, हें खरें. तेव्हां गप्प राहणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे, असा युक्तिवाद करतां आला असता. पण चित्र मोठें करून हातीं द्यावयाचें तें आम्हींच. परक्या माणसाला तिनें रोज हार घालावा आणि आम्हीं जाणूनबुजून पाहत राहावें, यांत मला दया दिसेना. वडीलधाऱ्या माणसाला लहान मूल समजण्याचा उद्धटपणा दिसला. माझ्या पत्नीला हें पटलें नाहीं. तिच्या मतें सत्तर वर्षांनीं मिळालेला हात हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याहि सालाला नाहीं. तिच्या म्हणण्याला आजहि माझ्याजवळ पुरतें उत्तर नाहीं.

एका रविवारीं मीं मावशीला सांगितलें. तिनें शांतपणें ऐकलें.

“मग हे कोण रे?”

“दुसरे कोणी तरी ड्रायव्हर असतील, मावशी.”

“त्यांच्याहि घरीं कोणी असेल,” एवढेंच ती म्हणाली, आणि आंत गेली. महिनाभर ती चित्रपट पाहावयास बसली नाहीं. त्या महिन्यांत मला बरी झोंप लागली नाहीं.

मग एके दिवशीं तिनें भाच्याला विचारलें, ऑस्टिन कशी दिसते तें दाखव. मद्रासेस अशोक मोटर्सनें १९४८ सालीं स्थापना झाल्यावर ऑस्टिन ए-४० जोडावयास घेतल्या, हें सांगून त्यानें तिला चित्रें दाखविलीं. ती आतां चष्मा पुसून पुढच्या खुर्चींत बसते. १९५३ पर्यंतचे बोलपट भाचा शोधून आणतो. फुगीर पाठीची गाडी रस्त्यावर वळली कीं त्याच्या आधीं तीच म्हणते, “थांबव.”