पडद्यावरची मासोळी

वैनगंगेच्या काठच्या माणसाला पाण्याच्या आत काय आहे हे कधी दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून त्याला पाणी वाचावं लागे. बुडबुडे कुठे उठतात, बगळा कुठे टपून बसतो, वारा कुठून आहे, पाण्याचा रंग कालच्यासारखा आहे की बदलला, एवढ्यावरून जाळं पडायचं. आता काही डोंग्यांत हाताएवढा पडदा बसला आहे आणि पाण्याखालचं चित्र त्यावर उमटतं. या पडद्याने आमच्याकडे दोन प्रश्न आणून सोडले. दिसतं ते खरं का? आणि खरं असलं, तर दिसलं म्हणून ते आपलं का? पहिला प्रश्न दुरुस्तीचा वाटतो, दुसरा नीतीचा. मला मात्र हे दोघे नेहमी एकाच डोंग्यात बसलेले दिसले.

आमचा भाग म्हणजे नागपूर जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, कुही तालुका. इथल्या आंभोऱ्याला नद्यांचा संगम आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं, राजीव गांधी आले होते. नंतर पुष्कळ वर्षांनी पाणी चढत गेलं. गावं उठली, शेतं गेली, उभी झाडं पाण्याखाली गेली. वाहती नदी वाचणाऱ्या ढिवरांच्या पुढ्यात एकदम समुद्रासारखं थांबलेलं पाणी आलं. त्यात नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला येऊन मिळतं, आणि जलपर्णी माजते. बापाने शिकवलेल्या खुणा नव्या पाण्यात चालेनात. अशा वेळी कुणी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र आणलं, तर त्याला हौस कोण म्हणेल? ती गरजच होती.

मी त्या काळी मोटारपंपाचे स्टार्टर आणि रेडिओ दुरुस्त करायचो. एका मच्छीमार सोसायटीने वर्गणी काढून असं यंत्र घेतलं आणि ते 'बिघडलं' म्हणून मला निरोप आला. हे यंत्र मी आधी पाहिलं नव्हतं, पण त्यामागचं तत्त्व सोपं आहे. तळाला लावलेली डबी पाण्यात आवाज सोडते, माणसाच्या कानाला न ऐकू येणारा. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. दहा मीटरवरच्या तळाला आपटून तो परत यायला सेकंदाचा शंभरावा हिस्सा, थोडा जास्त. किती वेळाने परत आला यावरून खोली कळते. मासोळीच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावरूनही आवाज परततो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला ही युक्ती निघाली आणि १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी ती मासेमारांसाठी बाजारात आणली. याला 'सोनार' म्हणतात असं मी सांगितलं तेव्हा सगळे हसले. एकजण म्हणाला, "मंग याच्यापाशी सोनं बी निंगन!"

तक्रार अशी होती : पडद्यावर मासोळ्या भरपूर, जाळ्यात मात्र काही नाही. पोरांचं म्हणणं, जाळं तोकडं पडतं. मोठं जाळं आणि मोठं इंजिन घ्यायचं ठरत आलं होतं. कर्जाचे कागद तयार होते. एक म्हातारे काका बाजूला बिडी ओढत बसले होते. ते हळूच म्हणाले, "भाऊ, डोंगा कोरड्यावर उभा हाये, तरी याच्यात मासोया पोहून रायल्या. थ्या कोनत्या पान्यातल्या?"

बिघाड तिथेच सापडला. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी अशा यंत्रात एक नमुन्याचं चित्र भरलेलं असतं. पाणी नसतानाही त्यात तळ दिसतो, मासे फिरतात. ते कधी बंदच झालं नव्हतं. मी ते बंद केलं आणि पडदा कोरा झाला. पोरं चिडली. "चांगलं चालून रायलं होतं, तुमी बिघडवून ठेवलं!"

पुढचं काम नेहमीचंच. आधी बॅटरी पाहायची. इंजिन सुरू होताना तिचा दाब इतका खाली यायचा की यंत्र बंद पडे, म्हणून त्याला वेगळी बॅटरी दिली. मग जोड पाहायचे. तांब्यावर हिरवा गंज चढला होता, तो खरवडला. मग तळाची डबी. तिच्यावर शेवाळ होतं, आणि ती पंख्याच्या इतकी जवळ बसवली होती की फेसातच बुडून राहायची. ती सरकवली. शेवटी, मासोळीचं चित्र आपोआप काढणारी सोय बंद केली. त्या सोयीला फांदीही मासोळी वाटते आणि कुजक्या गाळातून उठणारा बुडबुडाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे यंत्र सगळं पाणी पाहत नाही. आवाज टॉर्चच्या उजेडासारखा खाली पसरत जातो. नऊ मीटर खोलीवर तो जेमतेम तीन मीटर रुंदीचं वर्तुळ दाखवतो. बाकीचं पाणी अंधारातच.

एवढं झाल्यावर खरं चित्र आलं. तळ, बुडालेली झाडं, गाळ, आणि मधूनमधून एखादी कमान. पहिल्यापेक्षा कितीतरी कमी. यंत्र नीट झालं होतं आणि माणसं खट्टू झाली होती.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. इथे कुणी खोटं बोललं नव्हतं. नमुन्याचं चित्र दुकानापुरतं होतं, ते नदीवर आलं एवढंच. तरी सगळं गाव त्यावर कर्ज काढायला निघालं होतं. कुणी म्हणेल, गरिबाच्या डोळ्यापुढची मासोळी पुसून तुम्ही काय मिळवलं? आशेवरच माणूस जगतो. हे खरं आहे, पण आशा दोन प्रकारची असते. रात्री झोपताना उद्या जाळं भरेल असं वाटणं, याला काही खर्च नाही. ती आशा ज्याची त्याच्यापाशी राहू द्यावी. पण जिच्या भरवशावर घर गहाण पडतं, ती आशा खरी की नमुन्याची हे ज्याला कळतं त्याने सांगितलंच पाहिजे. लोक रागावले तरी. गप्प बसणाऱ्याला लोक भला माणूस म्हणतात, आणि हप्ते दुसऱ्याच्या घरातून जातात.

दुसरी गोष्ट, पडदा कोरा दिसला की आपण पडद्याला शिव्या देतो. तारेत दोष असतो तोवर ते ठीक आहे. पण बॅटरी भरलेली, जोड साफ, डबी पाण्यात, आणि तरी कमानी थोड्याच दिसतात, तेव्हा दोष यंत्रात नसतो, पाण्यात असतो. तो दुरुस्त करायला माझ्या पेटीत पाना नाही. शहराने सोडलेलं पाणी आणि कुजणारी जलपर्णी मोठ्या जाळ्याने साफ होत नाही. भंडारा-गोंदियाकडे मनीष राजनकर आणि तिथल्या ढिवरांनी वेगळी वाट धरली. जुन्या मालगुजारी तलावांतली बेशरम उपटून त्यांनी मासोळीला चारा आणि आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या. मासोळी कुठे आहे हे शोधण्याआधी ती का नाही हे त्यांनी विचारलं.

आता दुसरा प्रश्न. यंत्र दुरुस्त झाल्यावर जुन्या पात्रातल्या एका डोहावर डोंगा गेला तेव्हा पडद्यावर कमानींची दाटी झाली. या वेळी खरी. पोरांनी जाळं उचललं. काका म्हणाले, "इथं आमी जाळं नाही टाकत. उन्हाळ्यात तेवढंच खोल पानी रायते, बीज इथंच लपते. हे काढलं त पुढच्या साली काय खासान?" म्हणजे काकांना ती जागा यंत्राआधीपासून ठाऊक होती. ठाऊक असूनही ते घेत नव्हते.

इतकी वर्षं मासोळीला पाण्याच्या अंधाराने राखलं. जे दिसत नाही ते वाचतं, यात माणसाचा चांगुलपणा फारसा नव्हता. आता अंधार गेला, तेव्हा राखण माणसाच्या मनाला करावी लागेल. रायगड जिल्ह्यात वाळणकोंडीचे मासे स्वच्छ दिसतात, हाताशी येतात, पण देवीचे म्हणून कुणी धरत नाही. जिथे देवीचं भय नाही तिथे कायदा लागतो. महाराष्ट्राने २०१६ मध्ये समुद्रातल्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. पण आमच्या डोहावर ना देवी ना गस्त. तिथे एक म्हातारा होता आणि त्याचा शब्द.

त्या दिवशी पोरांनी जाळं खाली ठेवलं. पटलं म्हणून की काकांचा मान राखायचा म्हणून, हे मी विचारलं नाही. दोन्हीतलं काहीही चालण्यासारखं होतं.

मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' शके १११० मध्ये आमच्या आंभोऱ्यालाच लिहिला असं इथली परंपरा मानते. अंबाजोगाईही त्यांच्यावर हक्क सांगते, तो वाद विद्वानांनी पाहावा. विवेक म्हणजे निवडणं, हे तर शेतकऱ्याला सुपातूनही कळतं. पडद्यासमोर बसणाऱ्याला तीनदा निवडावं लागतं. आधी नमुना कोणता आणि पाणी कोणतं, मग फांदी कोणती आणि मासोळी कोणती. ही दोन कामं शिकता येतात, मी कितीतरी पोरांना शिकवली. तिसरं म्हणजे काढायची कोणती आणि सोडायची कोणती. त्याचं बटण यंत्रावर कुठेच नाही, आणि काकांसारखी माणसं आता डोंग्यात कमी बसतात.