ज्याची त्याची जागा

जागेचा प्रश्न माझ्या आयुष्यात कधी सुटलाच नाही. निवृत्तीनंतर तो संगणकाच्या पडद्यावरही येऊन बसला. पुतण्याच्या नादाने मी जावा शिकू लागलो. बेत साधाच होता : सोसायटीच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारी एक खिडकी आणि तीत पाच बटणं. 'नवीन', 'शोधा', 'जतन करा', 'छापा' आणि 'बंद करा'. प्रोग्रॅम चालवला, तर खिडकीभर एकच बटण : 'बंद करा'! बाकीची चार गडप.

"काका, जागा सांगितली नाही की सगळी मध्ये जातात," पुतण्या म्हणाला. "आणि मध्ये शेवटी येईल तोच दिसतो."

माझ्या कचेरीची तीस वर्षं त्यानं एका वाक्यात सांगितली.

ही जागावाटपाची कामं करणाऱ्यांना 'लेआउट मॅनेजर' म्हणतात. १९९६ च्या पहिल्या जावापासून ही मंडळी आहेत. १९९८ मध्ये स्विंग आलं, तरी ती खुर्चीवर कायम! प्रत्येकाचा स्वभाव निराळा. ग्रिडलेआउट कट्टर समतावादी. 'छापा'ला जेवढी चौकट, तेवढीच 'जतन करा'ला. कुणाचं पोट केवढं, हे बघायचं नाही. फ्लोलेआउट भिडस्त. जो जेवढी मागेल तेवढी जागा देतो, ओळ भरली की पुढच्याला खाली ढकलतो. खिडकी बुटकी असली तर तो बिचारा दिसतही नाही. बॉर्डरलेआउट म्हणजे जुन्या वाड्यातला कारभारी. उत्तर-दक्षिणेच्यांना फक्त उंची विचारतो, पूर्व-पश्चिमेच्यांना फक्त रुंदी, आणि उरलंसुरलं सगळं मधल्याच्या घशात!

आता तुम्हीच सांगा, यातला न्यायी कोण? मला एकही पटेना. सगळ्यांना रजा दिली आणि पिक्सेल मोजून प्रत्येक बटणाची जागा स्वतः ठरवली. झकास दिसलं. पण चिटणिसांच्या संगणकावर अक्षरं मोठी होती. तिथं 'जतन करा'चं नुसतं 'जतन...' उरलं.

"काका, बटणाला विचारलंत का, किती जागा लागते ते?"

बटणाला विचारायचं? तर हो! बटण आपली अक्षरं मोजून सांगतं म्हणे. खिडकी लहानमोठी झाली की मांडणी पुन्हा नव्याने करायची.

त्या रात्री मला झोप येईना. गेल्या वर्षी आई गावाहून कायमची आमच्याकडे आली. मी टेप घेऊन बाहेरची खोली मोजली आणि तिची कॉट खिडकीशी लावली. वर पंखा, समोर टीव्ही. एका इंचाची चूक नाही.

सकाळी तिला विचारलं, "आई, तुला कुठं झोपायला आवडेल गं?"

"स्वयंपाकघराच्या दाराशी," ती लगेच म्हणाली. "भांडी वाजली की घरात असल्यासारखं वाटतं."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तू टेप घेऊन उभा होतास. मला वाटलं, ठरलंय."

सगळ्यांना सारखं देणं म्हणजे न्याय, की मागेल त्याला मागेल तेवढं देणं, यावर थोरामोठ्यांनी खुशाल वाद घालावा. मला एवढंच कळलं, की दोन्हींच्या आधी विचारायचं असतं, आणि घर बदललं की पुन्हा विचारायचं असतं.

कॉट त्याच दिवशी दाराशी आणली. आई खूश आहे. हिला मात्र आता स्वयंपाकघरात तिरकं होऊन शिरावं लागतं.

तिला अजून कुणी विचारलेलं नाही.