नीलकंठाला तांब्याभर पाणी

आमच्या निलंग्याचं नीलकंठेश्वराचं देऊळ हेमाडपंती. सभामंडप एक, गाभारे तीन. एकात महादेवाची पिंड, एकात विष्णू, एकात हर-गौरी. मंडपाच्या मधोमध उभं राहिलं की नुसतं वळायचं, समोर देव असतोच. पंढरीची वारी करून आलेला माळकरी इथं पिंडीवर बेल वाहतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. शैव-वैष्णवांचा वाद ज्यांनी घातला त्यांनी घातला. हे देऊळ बांधणाऱ्यांनी तो दगडातच मिटवून टाकला.

नवस बोलायला मात्र आमची माणसं तुळजापूर गाठतात. श्रावणात परळी, औंढा होतं. लांबच्या क्षेत्री माणूस काहीतरी मागायला जातो, यात गैर काहीच नाही. पण मागून झाल्यावरही, आणि मागितलेलं मिळालं नाही तरीही, तो गावातल्या देवाला रोज पाणी घालायला का येतो?

तीर्थ म्हणजे मुळात उतार, नदी ओलांडायची जागा. उतार सापडला म्हणून नदी आटत नाही. पाणी तेवढंच असतं, ओढही तीच. फक्त पाय कुठं टेकवायचा ते कळतं. देवस्थानाकडून याहून जास्त मागू नये असं मला वाटतं, आणि याहून कमी मिळतं असंही वाटत नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि किल्लारी, सास्तूर भागातली हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. देव कुठं होता, हे तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांना अश्रद्ध म्हणायची माझी जीभ रेटत नाही. त्या प्रश्नाजवळ मला एकच देव उभा राहू शकेलसा वाटतो: हलाहल ज्याला गिळता आलं नाही आणि ज्यानं ते थुंकलंही नाही, गळ्यात धरून ठेवलं तो. दुःख नाहीसं करणारा देव मी पाहिलेला नाही. ते धरून ठेवणाऱ्याच्या पायाशी बसलेली माणसं मात्र खूप पाहिली आहेत.

त्या गळ्याची आग शमावी म्हणून पिंडीवर गळती लावतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर घेऊन. त्या उन्हाळ्यात आमच्याकडेही घागरी मोजून भरल्या जायच्या. एक म्हातारी रोज यायची. तिच्या तांब्यात तळाला बोटभर पाणी असायचं. ती तांब्या उपडा करायची नाही. चार बोटं बुडवून पिंडीवर शिंपडायची, उरलेलं पदराआड धरून घरी न्यायची.