पोराचं म्हणणं

घाटाखालच्या गावात एक भाजीवाला राहत होता. त्याच्याकडे जुनी डिझेल पिकअप होती. पहाटे मळ्यांमधून टोमॅटो, कोबी, मिरची गोळा करायची आणि घाट चढून शहराच्या बाजारात पोचवायची, हा त्याचा धंदा. सोबतीला बहिणीचा मुलगा असे. क्रेट चढवणं, काच पुसणं आणि पंपावर डिझेल भरून घेणं ही भाच्याची कामं.

एका पावसाळ्यात गाडी त्रास देऊ लागली. घाटाच्या मध्यावर ती आधी ओढ सोडायची, मग आचके द्यायची आणि बंद पडायची. कितीही सेल्फ मारला तरी दाद देत नसे. अर्धा तास थांबलं, की मुकाट्याने चालू व्हायची. माल उशिरा पोचू लागला, आणि उशिरा आलेल्या भाजीला बाजारात भाव मिळत नाही.

भाजीवाला एका गॅरेजात गेला. तिथे डिझेल फिल्टर बदलला, हातपंप मारून लाइनमधली हवा काढली. दोन दिवस गाडी नीट चालली आणि तिसऱ्या दिवशी घाटात उभी राहिली. मग तो दुसऱ्या गॅरेजात गेला. तिथे नोझल उतरवून तपासले, डिझेल पंप खोलून नवीन किट टाकलं. बिल भागवायला भाजीवाल्याला उसने पैसे घ्यावे लागले. काही दिवसांनी गाडी पुन्हा त्याच चढावर थांबली.

भाचा हे सगळं पाहत होता. एकदा गॅरेजात तो भीत भीत म्हणाला, "मामा, टाकी फुल्ल केली की गाडी बंद पडते. डिझेल कमी असलं की पडत नाही."

गॅरेजातली माणसं हसली. "अरे, गाडी डिझेल संपल्यावर बंद पडते. भरल्या टाकीवर कधी पडते का?" मामालाही हसू आलं. पोरगा गप्प बसला.

पुढच्या खेपेला गाडी जिथे थांबली, तिथून जवळच एका म्हाताऱ्या मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. भाजीवाल्याने त्याला बोलावून आणलं. मिस्त्रीने पाना हातात घेतला नाही. त्याने आधी विचारलं, गाडी केव्हा बंद पडते, किती वेळाने चालू होते, उतारावर काय करते. भाजीवाल्याने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "हा पोरगाही काहीतरी सांगत असतो. पण त्यात काही अर्थ नाही."

"काय सांगतोस रे बाळा?" मिस्त्रीने विचारलं.

पोराने तेच पुन्हा सांगितलं. मिस्त्री हसला नाही. थोडा वेळ टाकीकडे बघत उभा राहिला. "टाकीत कचरा असता, तर डिझेल तळाला गेल्यावर त्रास दिला असता," तो म्हणाला. "हे उलटंच आहे."

त्याने शेडमधून डिझेलचा कॅन आणला. टाकीकडून येणारा पाइप सोडवून त्याचं तोंड लगेच बंद केलं, त्याच्या जागी एक पारदर्शक नळी जोडून ती कॅनमध्ये सोडली आणि हातपंप मारला. सेल्फ मारताच गाडी चालू झाली आणि एका लयीत चालत राहिली. नळीत हवेचा एक बुडबुडाही दिसला नाही. "पंपाला काही झालेलं नाही," मिस्त्री म्हणाला. "त्याच्यापर्यंत डिझेलच पोचत नाही."

गाडी बंद करून तो टाकीपाशी गेला आणि झाकण हळूच फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत शिरली. मिस्त्रीने झाकण उलटं केलं. आत जुन्या ट्यूबची कापलेली रबरी चकती घट्ट बसवलेली होती.

भाजीवाल्याने ती ओळखली. पावसाच्या सुरुवातीला त्यानेच ती बसवली होती. वळणावर डिझेल सांडू नये, पाणी आत जाऊ नये, म्हणून.

"जेवढं डिझेल टाकीतून जातं, तेवढी हवा आत यावी लागते," मिस्त्री म्हणाला. "झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. ते तू बुजवलंस. टाकी अर्धी रिकामी असली, की आत हवा भरपूर असते, तिच्यावर निभावतं. टाकी गच्च भरली, की हवेला जागाच उरत नाही. मग दोन-तीन लिटर डिझेल गेलं, की आतली हवा विरळ होते आणि पंपाला डिझेल ओढवत नाही. गाडी उभी राहिली, की कुठून तरी हवा झिरपते आणि पुन्हा चालू होते."

त्याने चकती काढली, तारेने भोक मोकळं केलं, पाइप जागेवर जोडला. भाजीवाल्याने पैसे विचारले, तेव्हा त्याने शंभर रुपये घेतले. "दोष या पोराने कधीच शोधला होता," तो म्हणाला. "मी नुसतं झाकण उघडलं."

त्यानंतर गाडी भरल्या टाकीने घाट चढू लागली.

पोराला कारण माहीत नव्हतं. पण रोज डिझेल तोच भरत होता, आणि जे पाहिलं तेच सांगत होता. ते इतरांच्या अनुभवात बसेना, म्हणून त्यांनी हसून सोडून दिलं. मिस्त्रीला मात्र त्या न बसणाऱ्या गोष्टीतच वाट दिसली. कामाच्या सर्वांत जवळ असलेला माणूस पुष्कळदा घरातला किंवा दुकानातला सर्वांत लहान माणूस असतो. त्याचं बोलणं पटलं नाही, तर हसण्याआधी एकदा तपासून पाहावं.