तास कुणाचे?

न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या मावसबहिणीला फिजिशियन असिस्टंट व्हायचं आहे. तिकडे हे लोक डॉक्टरांसोबत काम करतात, रुग्ण तपासतात, औषधंही लिहून देतात. पण या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवायला पदवी आणि मार्क पुरत नाहीत. बहुतेक ठिकाणी रुग्णसेवेचे तास दाखवावे लागतात. कुठे पाचशे, कुठे हजार, कुठे दोन हजार. अर्जात त्या तासांचे वेगवेगळे खाने असतात. रुग्णाची प्रत्यक्ष सेवा केलीत तो एक, दवाखान्यात इतर काम केलंत तो दुसरा, कुणाच्या मागे उभं राहून नुसतं पाहिलंत तो तिसरा. पहिल्याला भाव जास्त.

गेल्या हिवाळ्यात तिने विचारलं, "दादा, चिंचपाड्याला दोन महिने येऊन राहू का? तिथे मला जास्त काही करायला मिळेल ना?"

आमचं चिंचपाडा नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर. गावात जुनं ख्रिश्चन हॉस्पिटल आहे, त्यामुळे परदेशी नात्यातल्या कुणाला असं सुचणं नवलाचं नाही. मुलगी मनाने चांगली आहे. आईने तर लगेच वरची खोली झाडायला काढली. मी मात्र 'जास्त करायला मिळेल' या तीन शब्दांपाशी अडकलो. जे तिला न्यू जर्सीत करू देणार नाहीत, ते इथे का करू द्यावं? इथला माणूस 'तू कोण, काय शिकलीस' असं विचारणार नाही, म्हणून?

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर शुक्रवारी टाइमशीट भरतो, तेव्हा तास विकणं म्हणजे काय ते मला कळतं. पण आमच्याकडे नवा मुलगा आधी सर्व्हरच्या सराव-प्रतीवर चुका करतो, खऱ्या ग्राहकापर्यंत त्या पोचत नाहीत. रुग्णाची सराव-प्रत नसते. सिकलसेलच्या कळांनी रात्रभर कण्हणारं मावची पोर हे कुणाच्या अर्जातले आठ तास होऊ शकत नाही.

तरी ही अट मुळात चुकीची आहे असं मला वाटत नाही. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या वर्गातले चौघे नौदलात रुग्णसेवा करून आलेले होते. आजारी माणसाजवळ उभं राहणं त्यांना नवं नव्हतं; कॉलेजने त्या अनुभवावर शास्त्र चढवलं. म्हणजे तास आधी जगून झाले होते, कोर्स मागून आला. आता कोर्स डोळ्यांसमोर ठेवून तास गोळा केले जातात. आकडा तोच राहिला तरी त्याचा अर्थ उलटा झाला.

आपल्याकडे तर गणितच वेगळं. भारतात हा अभ्यासक्रम १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी आणला. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला संबद्ध आरोग्य व्यवसायांत जागा मिळाली. प्रवेश बारावी विज्ञानानंतर, अनुभव इंटर्नशिपमध्ये. आधी कुणी रुग्णाचं अंगही पुसलेलं नसलं तरी चालतं. नीट परीक्षेतही मार्कच मोजतात.

आणि ज्यांच्याकडे तास आहेत त्यांचं काय? आशाताई २००५ पासून पाड्यापाड्यांवर चालत आहेत. बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचवणं, घरी जाऊन बाळाचं वजन करणं, ताप आलेल्यांचे रक्तनमुने घेणं ही त्यांची कामं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने थोड्या शिकलेल्या गावच्या बायकांना नवजात बाळातला जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं जगाने वाचलं. पण बारावी विज्ञान नसलेल्या अशा बाईने आयुष्य या कामात घालवलं, तरी तेवढ्यावर फिजिशियन असिस्टंटच्या वर्गाचं दार तिला उघडत नाही. अमेरिकेत तिच्या तासांची रास पाहून प्रवेश समितीने भुवया उंचावल्या असत्या.

हे सगळं बहिणीला सांगितलं. तिने नेमकं बोट ठेवलं, "मग तुमची एमबीबीएसची मुलं कुणावर शिकतात? गरिबांवरच ना?"

हे खरं आहे. सरकारी रुग्णालयात शिकाऊ हाताची पहिली सुई पैसेवाल्याला टोचली जात नाही. तिथे वर कुणीतरी जबाबदार असतं आणि शिकलेला माणूस पुढे समाजाला उपयोगी पडतो, असं मी म्हणालो. पण हे उत्तर मलाच अर्धं वाटलं. शिकलेला माणूस धडगाव-अक्कलकुव्याला येतो कुठे? तरीही एक फरक उरतो. त्या इंटर्नला सुट्टी मिळाली तर वॉर्ड अडतो. तू दोन महिने आलीस काय, न आलीस काय, इथे कुणाचं काही अडणार नाही. उलट तुला मावची येत नाही, कोकणी येत नाही, मराठीही जेमतेम, म्हणून एका नर्सला तुझी दुभाषी व्हावं लागेल. तेवढा वेळ रुग्णाच्या वाट्यातून जाईल.

"म्हणजे मी नकोय," ती म्हणाली. बराच वेळ बोलली नाही.

मला तसं म्हणायचं नव्हतं, पण शब्द गोड करून अर्थ बदलला नसता. मी म्हटलं, सुट्टीत ये, मामाच्या शेतावर जाऊ, हॉस्पिटलला बाहेरून बघ. काम मात्र तिथेच कर, जिथे तू गेली नाहीस तर फोन येईल.

तिने सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण घेतलं. तिकडच्या केंद्रीय नियमाप्रमाणे ते किमान ७५ तासांचं असतं. आता एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. कुशी बदलून देणं, लघवीची भांडी उचलणं, आंघोळ घालणं. परवा म्हणाली, एक आजोबा तिला रोज मुलीच्या नावाने हाक मारतात. दुरुस्त करायचं तिने सोडून दिलंय. किती तास झाले, असं मी विचारलं. म्हणाली, शीट बघावी लागेल.

मावशी अजून माझ्यावर रागावलेली आहे. आईने खोलीला पुन्हा कुलूप लावलं नाही.